इस्लामिक बँक बुडू शकते का? शारजात पैसे ठेवलेत, जाणकारांनी सांगा

सुहास_शारजा
नमस्कार मंडळी. मी मूळचा साताऱ्याचा, गेली नऊ वर्षं शारजात, एका कंत्राटदाराकडे साईटवर क्वांटिटी सर्व्हेयर. पगार जिथे येतो ती इस्लामिक बँक आहे, खातं कंपनीनेच उघडून दिलं, आपण काही बघून-निवडून गेलो नव्हतो. तर साठलेले साधारण ऐंशी हजार दिरहम मी मागच्या वर्षी त्याच बँकेत एक वर्षाच्या 'इन्व्हेस्टमेंट डिपॉझिट'मध्ये टाकले. परवा रिन्यू करायचा मेसेज आला म्हणून अटींचा कागद पहिल्यांदाच नीट वाचायला घेतला तर त्यात 'मुदारबा' असा शब्द, आणि खाली बारीक अक्षरात असं की नफा ठरलेल्या प्रमाणात वाटून घ्यायचा, पण तोटा झाला आणि त्यात बँकेचा हलगर्जीपणा नसेल तर तो ठेवीदाराचा. म्हणजे मुद्दलसुद्धा जाऊ शकतं?? मी वर्षभर जिला एफडी समजून बसलो होतो ती एफडी नव्हतीच.

ब्रांचमधल्या बाई म्हणाल्या काळजी करू नका सर, आजपर्यंत कुणालाच तोटा दिलेला नाही. आमचे सासरे (साताऱ्यातच असतात, सगळ्या विषयांवर मत असतं) म्हणाले, अहो व्याजच नाही तर बँक बुडणार कशी, २००८ ला अमेरिकेतल्या पडल्या, यांची एक तरी पडली का. आणि ऑफिसमधला ढाक्याचा सहकारी नेमकं उलटं सांगतो, त्याच्या वडिलांचे रिटायरमेंटचे पैसे तिकडच्या एका इस्लामिक बँकेत अडकलेत, २०२४ च्या शेवटाला सकाळपासून रांग लावायची आणि हातात पाच हजार टका पडायचे, तेसुद्धा रोख आली असेल तर.

दोघांपैकी खरं कोण? धर्मावर वाद नको प्लीज, पैशाचं बोला.

सोनेरी_पान
एवढं डोकं कशाला लावायचं भाऊ, शारजातच आहात ना, सूकमध्ये (सोनेबाजारात) जा आणि सोन्याची बिस्किटं घ्या. कुठला मुदारबा नि काय.

जमाखर्च
सुहासराव, सासरेबुवा अर्धे बरोबर आहेत आणि ढाक्याचा गडी पूर्ण बरोबर. मी बहरीनला सात वर्षं एका बँकेच्या ट्रेझरीत होतो, तिथे इस्लामिक विंडोचं (साध्या बँकेतला इस्लामिक विभाग) कामही माझ्याचकडे होतं, आता पुण्यात रिकामा आहे म्हणून जरा लांबण लावतो, कंटाळा आला तर पुढे जा.

आधी ही बँक कमावते कशी ते बघा. तुम्हाला गाडी हवी आहे, बँक ती शोरूमकडून ६० हजाराला घेते आणि तुम्हाला ६९ हजाराला विकते, पैसे चार वर्षांच्या हप्त्यांनी. याला म्हणायचं मुराबहा. व्याज नाही, विक्रीवरचा नफा. बरं हा नऊ हजाराचा आकडा कुठून आला? तर बाजारात व्याजदर काय चाललाय त्यावरून, दुसरं मोजमाप कुणाकडेच नाही. आणि ज्याला वस्तू नको, नुसती रोख हवी त्याच्यासाठी तवर्रुक. आमचं रोज सकाळचं काम तेच, लंडनच्या एका ब्रोकरकडून अमुक लाख डॉलरचं अॅल्युमिनिअम रोखीत घ्यायचं, ते समोरच्या बँकेला तीन महिन्यांच्या उधारीवर थोडं चढवून विकायचं, ती बँक ते लगेच दुसऱ्या ब्रोकरला रोखीत विकणार, झालं, तिला रोख मिळाली आणि आम्हाला तीन महिन्यांनी नफा. दहा-पंधरा मिनिटांत सगळं उरकायचं. सात वर्षांत मी किती टन अॅल्युमिनिअमचा मालक होऊन गेलो देव जाणे, एक कांडी डोळ्यांनी बघितली नाही. गंमत म्हणजे २००९ मध्ये तुमच्या शारजातच फिक्ह अकादमीची (इस्लामी कायद्याच्या जाणकारांची संस्था) बैठक भरली होती, तिने हा असला ठरवून केलेला तवर्रुक चालणार नाही असं सांगितलं. पण चालू आहे.

तेव्हा कर्जदाराने हप्ता थकवला तर बँक इथेही तितकीच अडचणीत येते. उलट एका बाबतीत जास्त. मुराबह्यात किंमत एकदा ठरली की ठरली, उशीर झाला म्हणून वाढवता येत नाही, दंड लावला तर तो बँकेने दानधर्माला द्यायचा. म्हणजे मुद्दाम रखडवणाऱ्याला रखडवण्यात फायदाच.

आता २००८. सासरे म्हणतात ते खरं आहे, अमेरिकन घरकर्जांची गाठोडी बांधून विकलेले जे कागद होते ते या बँकांकडे जवळपास नव्हतेच, कारण कर्ज हा काही माल नाही, तो कमी-जास्त भावाने विकायचा नाही हा नियम. वाचले. पण हातात पैसा आहे तर तो कुठेतरी लागणारच, आणि आखातात तो लागला जमिनीत आणि टॉवरमध्ये. म्हणजे आगीतून वाचले ते फुफाट्यात गेले, फक्त वर्षभर उशिरा. दुबईत अमलाक आणि तमवील या घरासाठी पैसे देणाऱ्या दोन मोठ्या इस्लामिक कंपन्या, दोघींनी नोव्हेंबर २००८ मध्ये नवीन कर्ज देणंच थांबवलं. मग २५ नोव्हेंबर २००९ ला दुबई वर्ल्ड या तिथल्या सरकारी कंपनीने जाहीर केलं की आम्हाला देणी द्यायला मुदत हवी. त्यांच्या नखील कंपनीचा साडेतीन अब्ज डॉलरचा सुकूक १४ डिसेंबरला फेडायचा होता. सुकूक म्हणजे इस्लामिक रोखा समजा, मागे कागदोपत्री मालमत्ता असते, इथे दुबईच्या किनाऱ्यालगतची जमीन होती. ते तीन आठवडे आमच्या डीलिंग रूममध्ये एकच चर्चा, की नाही दिले पैसे तर ती जमीन खरंच आपल्याला मिळेल का? वकिलांना विचारलं तर प्रत्येकाचं उत्तर वेगळं. १४ तारखेला सकाळी अबू धाबीने १० अब्ज डॉलर देतो म्हणून सांगितलं आणि त्यातून नखीलचे फिटले. आदल्या आठवड्यात ज्या कागदाला कुणी हात लावत नव्हतं तो दुपारी मागूनही मिळेना. म्हणून म्हणतो, यांची एकही पडली नाही हे बोलताना मागून धरणारा हात कुणाचा होता तेही बघावं. त्याआधी ऑक्टोबर २००८ मध्येच तिथल्या सरकारने देशातल्या बँकांच्या ठेवींना तीन वर्षांची हमी दिली होती, इस्लामिक असो की साधी.

आणि जिथे असा हात नव्हता तिथे काय झालं? तुर्कस्तान, इहलास फिनान्स. तिथली बिनव्याजी संस्थांमधली सगळ्यात मोठी. पैसे ठेवणारे साधे, धार्मिक लोक, आणि ते पैसे कुठे, तर मोठ्या प्रमाणात इहलास ग्रुपच्याच कंपन्यांमध्ये, ग्रुपचा पेपर होता, टीव्ही चॅनेल होतं, बांधकाम होतं. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं. २००० च्या शेवटी देशात बँकिंगचं संकट आलं, लोक पैसे काढायला धावले आणि फेब्रुवारी २००१ मध्ये लायसन्स रद्द. त्या वेळी साध्या बँकांच्या ठेवींना सरकारची पूर्ण हमी होती पण या संस्था त्या हमीच्या बाहेर, कारण म्हणे ही ठेव नाही, ही भागीदारी. लोकांना वर्षानुवर्षं वाट बघायला लागली. नंतर कायदा बदलला, २००५ पासून त्यांना पार्टिसिपेशन बँक म्हणतात आणि विमाही आला.

तुमच्या कागदावरची ती बारीक अक्षरं म्हणजे तीच भागीदारी.

प्राची_क
जमाखर्च काका, मस्त लिहिलंय, पण एका ठिकाणी भर घालते (माझा एमएचा प्रबंध यावरच होता, चुकलं तर सांगा).

सुहासदादा, त्या बाई म्हणाल्या 'आजपर्यंत कुणाला तोटा दिला नाही' ते खरं असणार, पण मला तीच गोष्ट सगळ्यात काळजीची वाटते. पुस्तकात असं आहे की ठेवीदार तोट्याचा भागीदार आहे म्हणून बँक मजबूत, धक्का बसला तर तो सगळ्यांत वाटला जातो, एकट्या बँकेचं भांडवल खलास होत नाही. वाचायला फार छान. प्रत्यक्षात काय होतं की बँकेच्या गुंतवणुकीवर या वर्षी समजा २ टक्केच सुटले आणि शेजारची साधी बँक ४ देतेय, तर २ देऊन बघा, लोक दुसऱ्या दिवशी पैसे उचलतील. म्हणून बँक स्वतःचा वाटा सोडते, चांगल्या वर्षी बाजूला काढलेल्या राखीव निधीतून भर घालते आणि ४ च्या आसपास देते. म्हणजे धोका कागदावर तुमचा आणि खरा भागधारकांचा, जोपर्यंत निधी पुरतोय तोपर्यंत. ज्या दिवशी पुरणार नाही त्या दिवशी अचानक कागद खरा होणार!! आणि हे इतकं सर्रास आहे की क्वालालंपूरला या बँकांचे नियम ठरवणारी संस्था आहे, आयएफएसबी, तिच्या भांडवलाच्या सूत्रात त्यासाठी चक्क एक अक्षर आहे, अल्फा. अल्फा शून्य म्हणजे सगळा तोटा खरंच ठेवीदार सोसतो, एक म्हणजे सगळा बँक सोसते, आणि आपल्या देशात तो किती धरायचा हे तिथल्या रेग्युलेटरने ठरवायचं. म्हणजे भागीदारी किती खरी आणि किती नाटकी त्याचा आकडाच.

मलेशियाने २०१३ च्या कायद्यात हा घोळ बराचसा निस्तरला. तिथे आता डिपॉझिट वेगळं, त्याला मुद्दलाची खात्री आणि विमा, आणि इन्व्हेस्टमेंट अकाउंट वेगळं, त्याला विमा नाही आणि ते ग्राहकाला आधीच सांगायचं. तुमच्या फॉर्मवर दोन्ही शब्द एकत्र आहेत, 'इन्व्हेस्टमेंट डिपॉझिट'. इथेच माणूस फसतो.

२००८ बद्दल आयएमएफच्या हसन आणि द्रिदी यांचा २०१० चा पेपर आहे त्यातही काका म्हणतात तेच निघालंय, २००८ मध्ये इस्लामिक बँकांचा नफा साध्या बँकांपेक्षा कमी घसरला आणि २००९ मध्ये जास्त, का तर काही बँकांचा रिस्क मॅनेजमेंटचा आनंदीआनंद. त्याच्या आधीचा चिहाक आणि हेसे यांचा पेपर मला जास्त आवडतो, त्यांना दिसलं की छोट्या इस्लामिक बँका छोट्या साध्या बँकांपेक्षा स्थिर असतात पण मोठ्या झाल्या की उलटं होतं. माझं मत विचाराल तर त्याचं कारण सरळ आहे, गल्लीतल्या पन्नास दुकानदारांचा व्यवसाय बँकेचा माणूस चालत जाऊन बघू शकतो, पाचशे शहरांतले पन्नास हजार नाही बघू शकत.

खेडचा_कोकणी
आमच्या घरात तीन पिढ्या आखातात, आजोबा कुवेतला, वडील मस्कतला, मी दोहाला होतो. मुसलमान आहे म्हणून बोलतो, हलाल म्हणजे सेफ असं कुणी सांगितलं? डुकराचं नाही एवढंच कळलं, मटण शिळं आहे का ते तुम्हालाच हुंगून बघायला लागतं.

शरिया बोर्ड बघतं काय, तर करार नियमात बसतो का. कर्जदार चोर आहे का हे बघणं त्यांचं काम नाही. आणि त्यांना मानधन देतं कोण, बँकच. त्यात ठरावीक मोठे आलिम (धर्माचे जाणकार) एकाच वेळी कितीतरी बोर्डांवर.

आणि हेच शरियाचं हत्यार उलटं कसं फिरतं ते बघा. कुवेतची इन्व्हेस्टमेंट दार, अॅस्टन मार्टिन गाडीच्या कंपनीत हिस्सा घेतलेली, २००९ मध्ये सुकूक थकला. लेबनॉनच्या ब्लोम बँकेने लंडनच्या कोर्टात पैसे मागितले तर कंपनीचं म्हणणं काय, तर तुमच्याशी केलेला आमचा करारच शरियात बसत नाही, आणि शरियाबाहेरचं काही करायचा आम्हाला आमच्या घटनेप्रमाणे अधिकार नाही, सबब करार रद्द. ज्यांच्या स्वतःच्या बोर्डाने तो करार पास केला होता ते हे बोलतात! २०१७ ला तुमच्याच शारजाची दाना गॅस, सातशे मिलियन डॉलरचा सुकूक, फेडायची वेळ आली तेव्हा म्हणे आमचा सुकूक आता हलाल राहिला नाही. पैसे घेताना हलाल होता. लंडनच्या कोर्टात हरले, मग पुढच्या वर्षी तडजोड.

आपल्याकडे आयएमएचं काय झालं २०१९ ला, बेंगळुरूत. ती बँक नव्हती, नुसती 'हलाल गुंतवणूक' अशी पाटी, हजारो लोकांचे पैसे घेऊन मालक दुबईला पळाला. माझ्या एका मावशीने अशाच दुसऱ्या एका स्कीममध्ये हज साठी जमवलेले घातले होते, नाव नाही घेत, केस चालू आहे. तिला विचारलं खाला, त्यांचा हिशोब बघितलास का, तर म्हणाली अरे ते नमाजी लोक आहेत. नाव सोनुबाई.

सोलापूरकर_७७
जरा विषय सोडून, आपल्याकडे इस्लामिक बँकिंग येणार येणार म्हणत होते त्याचं काय झालं? आमच्या बार्शीत २०१६ ला लोकमंगल सहकारी बँकेने बिनव्याजी काउंटर काढला होता, सहकार मंत्र्यांच्या घरची बँक, तेव्हा पेपरात बरंच आलं होतं.

जमाखर्च
@सोलापूरकर_७७ रघुराम राजन समितीने २००८ च्या अहवालात बिनव्याजी बँकिंगचा विचार करा म्हटलं होतं, मग रिझर्व्ह बँकेत बरीच वर्षं कागद फिरले, २०१७ मध्ये त्यांनी पुढे जायचं नाही असं ठरवलं. विषय तिथे थांबला.

@प्राची_क दुरुस्ती मान्य, आणि तो अल्फा आमच्या मीटिंगमध्ये भांडणाचं मूळ होता, ऑडिटर एक आकडा म्हणणार, सेंट्रल बँक दुसरा.

ढाक्याचं राहिलंच. सुहासराव, तुमच्या सहकाऱ्याच्या वडिलांच्या बाबतीत झालं ते व्याज असण्या-नसण्याने झालेलं नाही. इस्लामी बँक बांगलादेश १९८३ ची, देशातली सगळ्यात मोठी खाजगी बँक, परदेशातून कामगारांनी पाठवलेला पैसा भरपूर. २०१७ मध्ये तिचा ताबा चट्टग्रामच्या एस आलम ग्रुपकडे गेला, आणखीही काही इस्लामिक बँका त्यांच्याच हाताखाली. ऑगस्ट २०२४ मध्ये सरकार पडल्यावर नवीन गव्हर्नर अहसान मन्सूर यांनी संचालक मंडळं बरखास्त केली आणि उघड सांगितलं की या बँकांमधून कर्जाच्या नावाखाली अब्जावधी डॉलर बाहेर गेलेत. ग्रुप म्हणतो आरोप खोटे. ते कोर्ट बघेल. पण २०२५ मध्ये पाच इस्लामिक बँका एकत्र करून सरकारी पैशावर एक नवीन बँक उभी करायला लागली हे तर खरं आहे ना.

आपल्याला हे नवीन वाटायला नको. पीएमसी बँक आठवा, सप्टेंबर २०१९, सकाळी मेसेज आला की खात्यातून फक्त हजार रुपये निघतील. माझ्या मेहुणीचं खातं भांडुपच्या शाखेत होतं, तिच्याबरोबर मीच गेलो होतो, शटर अर्धं खाली आणि बाहेर बायका पासबुकं छातीशी धरून उभ्या. तिथे व्याज होतं की नव्हतं? भरपूर होतं. पण बहुतेक कर्ज एकाच बिल्डर ग्रुपला आणि ते लपवायला हजारोंनी खोटी खाती. इस्तंबूल, ढाका, भांडुप, तिन्हीकडे रांगेत उभ्या असलेल्या माणसाला एकच गोष्ट माहीत नव्हती, की आपले पैसे नक्की किती जणांना दिलेत.

एक फरक मात्र आहे, आणि तो इस्लामिक बँकेच्या तोट्याचा आहे. रांग लागली की साधी बँक सरकारी रोखे सेंट्रल बँकेत ठेवून रातोरात व्याजाने पैसे उचलते. हिला व्याजाने उचलता येत नाही. मलेशियाने १९९४ पासूनच त्यांच्यासाठी वेगळा इंटरबँक बाजार (बँकांनी एकमेकींकडून पैसे उचलायचा) केला, बाकी बऱ्याच देशांत तो रांगता पण नव्हता. म्हणून या बँका जास्त रोख बाळगून बसतात, रोज थोडी कमाई कमी. आम्हाला त्याचा वैताग यायचा आणि २००८ ला त्याच रोखीने तारलं. आता अल्प मुदतीचे सुकूक वगैरे सोय झालीय, पण अजून पातळच आहे.

सुहास_शारजा
सगळ्यांचे आभार, एवढं वाचून झोप गेली. मागची चारही क्वार्टरची स्टेटमेंटं काढली. दर किती मिळाला बघा, ३.१०, ३.१०, ३.१५, ३.१०. प्राचीताई तुम्ही म्हणता तेच असणार, खरी भागीदारी असती तर इतका सपाट आला असता का? आमच्या साईटवर एका महिन्याचा हिशोब दुसऱ्याशी जुळत नाही.

काका, मला साध्या माणसाला समजेल असं सांगा, रिपोर्टमध्ये नेमकं बघू काय? आणि मोडू का ठेवू?

प्राची_क
वरचा दर आणि खाली 'प्रॉफिट इक्वलायझेशन रिझर्व्ह' (मी म्हटलं तो राखीव निधी) असं काही लिहिलंय का बघा, त्यातली रक्कम दरवर्षी आटत चालली असेल तर सावध व्हा.

जमाखर्च
मोडू की ठेवू ते मी सांगणार नाही, माझे पैसे नाहीत. पण बघायचं ते सांगतो. वार्षिक अहवालात चेअरमनचा फोटो, मशिदीला देणगी ही पानं सोडून द्या, थेट मागे जा, नोट्स असतात तिथे. एक टेबल असतं कर्ज कुठल्या धंद्यात किती, त्यात रिअल इस्टेट आणि कन्स्ट्रक्शन मिळून किती होतंय ते बघा (तुमची स्वतःची नोकरीपण त्याच धंद्यात आहे हे विसरू नका, मंदी आली तर पगार आणि ठेव एकदम गोत्यात). दुसरी नोट रिलेटेड पार्टीची, मालक मंडळी आणि त्यांच्या कंपन्यांना किती दिलंय. तिसरं, भागधारकांत सरकारचा हिस्सा आहे का. खेडच्या भाऊंना आवडणार नाही, पण आखातात शेवटी तोच विमा. आणि ब्रांचमध्ये जाऊन बाईंना एकच प्रश्न लेखी विचारा, माझी ही रक्कम 'वकाला' आहे, 'मुदारबा' आहे की 'कर्ज'. वकाला म्हणजे बँक तुमची एजंट म्हणून पैसे गुंतवते. कर्ज म्हणजे करंट अकाउंट, ते बँकेने तुमच्याकडून उसनं घेतलेलं, नफा शून्य पण मुद्दल परत द्यायची जबाबदारी पूर्ण बँकेची.

खेडचा_कोकणी
आवडतंय की काका, खोटं कुठे आहे. आमचे वडील पण मस्कतला हेच बघायचे, मालक कोण.

सुहास_शारजा
सध्या वर्षभरासाठी रिन्यू नाही केलं, तीन महिन्यांचं केलं, अर्धे करंटला ठेवले. बाईंना लेखी विचारलं तर म्हणाल्या हा प्रश्न आजवर कुणी विचारला नाही, हेड ऑफिसला मेल टाकते. अहवाल डाउनलोड केला तो नेमका अरबीतला निघाला, इंग्रजी सापडला की रिअल इस्टेटचा आकडा इथेच टाकतो.